ओल्या चुन्याचं वजन

त्यांचा पहिला फोन तक्रारीचा होता. मी तेव्हा विरारहून एका मराठी दैनिकाला वसई तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. आदल्या दिवशी किनाऱ्यालगतच्या त्यांच्या गावातल्या वाचनालयाच्या सभेची बातमी मी दिली होती.

"बातमीत लिहिलंय, ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते."

"हो."

"मी मोजले. एकतीस. त्यातले दोघे चहा द्यायला आले होते. त्यांना धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आकडा द्या."

मी म्हणाले, बातमीत असं लिहिण्याची पद्धत आहे.

"कोणाची?"

त्यानंतर सात वर्षं त्या गावाबद्दल लिहिताना मी 'मोठ्या संख्येने' हे शब्द वापरले नाहीत. पुढे इतर गावांबद्दलही वापरणं बंद झालं.

ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी नोकरी पालघर, डहाणू, भिवंडी इकडच्या दुकानांतले तराजू तपासण्यात गेली. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, ती धाकटे भाऊ बघायचे. व्यापारी पानं न्यायला आला की भाऊ त्यांना काहीतरी काम काढून स्टेशनवर पाठवत. कारण पानं मोजून देताना वर चार जास्त घालायची रीत होती, आणि हे विचारत, "ही चार कोणाच्या खात्यात?"

बाजारात ते दिसले की भाजीवाल्या आपापल्या काट्यांकडे बघत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, कुणाला हात लावायचा अधिकार त्यांना उरला नव्हता, आणि ते कुणाला काही बोलतही नसत. फक्त उभे राहायचे. काटा स्थिर होईपर्यंत उभे राहायचे आणि मग पुढे जायचे.

'साधारण', 'जवळपास', 'अंदाजे' हे शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकले नाहीत. पाच मिनिटांत येतो असं कुणी म्हटलं तर ते मनगटावरचं घड्याळ बघत. आल्यावर किती मिनिटं झाली हे सांगत. रागाने नाही, माहिती म्हणून. चहाच्या टपरीवर ते स्वतःचा पेला नेत. त्यावर काचेवर लिहायच्या पेन्सिलीने एक रेघ होती. टपरीवाला रेघेच्या वर गेला तरी त्यांना चालायचं नाही.

त्यांच्या पत्नीला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मीठसुद्धा चवीनुसार नसतं."

मुलीच्या लग्नातली गोष्टही त्यांनीच सांगितली. दागिने करायला वसईच्या एका सोनाराकडे गेले. यांनी सवयीने त्याचा काटा बघितला. काट्यात चूक होती, पण ती गिऱ्हाइकाच्या फायद्याची. सोनार वर्षभर स्वतःच्या नकळत थोडं जास्त सोनं देत होता. यांनी लगेच सांगितलं. काटा दुरुस्त झाला. मग दागिने तोलले गेले.

"दागिने आधी तोलून घ्यायचे आणि मग सांगायचं," पत्नी म्हणाल्या. "एवढंच मी म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"अडीच," ते आतल्या खोलीतून म्हणाले.

वाचनालयाची इमारत गावानेच वर्गणी काढून बांधलेली, शंभरी उलटलेली. दोन खोल्या, पुढे लाकडी कठड्याचा ओटा, वर कौलं. भिंतींना शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, इतका गुळगुळीत की हात फिरवला तर शहाळ्याच्या आतल्या मलईसारखा लागे. ती वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत होती. याचा अर्थ ती पाडता येत नव्हती. दुरुस्त करायला मात्र गावाकडे पैसे नव्हते. पश्चिमेची भिंत फुगली होती, छपराचे वासे कुजले होते, आणि पुस्तकं चार वर्षांपासून समितीच्या सचिवांच्या घरी माळ्यावर होती.

मग मुंबईच्या एका न्यासाची योजना आली. यादीतल्या इमारतीच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च न्यास देणार, अर्धा गावाने उभा करायचा. न्यासाच्या पत्रात याला समतुल्य अनुदान म्हटलं होतं, गावात सगळे मॅचिंग म्हणत. गावाचा अर्धा वाटा, म्हणजे लोकवाटा, रोख द्यायची सक्ती नव्हती. साहित्य आणि श्रमदानही चालणार होतं. अटी चार होत्या. जुनं साहित्य जसं होतं तसंच वापरायचं. महापालिका हद्दीतल्या रहिवाशांचाच वाटा धरला जाईल. एका माणसाचा एका दिवशी एकच दिवस, आठ तासांचा, धरला जाईल. आणि ठरलेल्या तारखेपर्यंत वाटा पूर्ण झाला नाही, तर दुसरा हप्ता मिळणार नाही.

लोकवाट्याची मोजदाद कोणी करायची यावर सभेत चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी अटींचा कागद प्लास्टिकमध्ये बंद करून आवारातल्या चिंचेला टांगला. शेजारच्या फांदीला स्वतःचा तराजू लावला. तो त्यांनी कार्यालयाच्या लिलावात घेतला होता, आणि कायद्याने गरज नसताना ते दरवर्षी तो तपासून, शिक्का मारून आणत. त्याखाली ते खुर्ची टाकून बसले ते पुढचे पाच महिने.

त्या पाच महिन्यांत त्यांनी जेवढं स्वीकारलं त्यापेक्षा जास्त नाकारलं असावं. एका पुढाऱ्याने श्रमदानाच्या दिवशी सगळ्यांना वडापाव आणि चहा दिला आणि तो वाट्यात धरा असा निरोप पाठवला. यांनी निरोप्याला विचारलं, "वडापाव इमारतीत कुठे आहे?" गावातल्याच एका ठेकेदाराने चाळीस गोणी सिमेंट पाठवलं. ते टेम्पोतून उतरलंही नाही. ठेकेदार स्वतः आला.

"काका, फुकट देतोय."

"बघतोय."

"आजकाल चुना कोण वापरतं?"

"ही भिंत," ते म्हणाले आणि वहीत पुढची नोंद करू लागले.

चुन्यासाठी शिंपले लागणार होते. ते वसई किल्ल्यालगतच्या पाचूबंदरच्या कोळी बायकांनी दिले. त्यांची पुढारीण पन्नाशीची एक मासळीविक्रेती होती. आवाज असा की बंदरावर लिलावात बोली लावली तर किल्ल्याच्या तटावरून परत यावी. तिने पहिला टेम्पो आणला तेव्हा यांनी शिंपल्यांचं वजन करायला घेतलं.

"ह्ये काय तोलताय?" ती म्हणाली. "आमी फेकतो ते."

"तोलायचं मला शिकवू नका," ते म्हणाले.

ती हसली आणि खाली उतरवायला लागली.

आवारातच भट्टी बांधली. चांदीपच्या एका शेतकऱ्याने जाळायला भाताचं तूस दिलं. शिंपले भाजून निघाले की पांढरे कोरडे खडे होतात, तो कळीचा चुना. खाऱ्या हवेत तो उघडा राहिला तर बिघडतो, म्हणून बायका तो लगेच खड्ड्यात पाण्यात सोडत. पाण्यात तो उकळून फुगायचा आणि मग लोण्यासारखा बसायचा. आठवड्याने यांनी तो घमेल्याने काढून, एकेक घमेलं तराजूत घालून तोलला. तीन दिवस. कोणालाही मदत करू दिली नाही. न्यासाचा अभियंता आला, त्याने वही बघितली, तशी वही आपण कधी बघितली नव्हती असं म्हणाला, आणि लोकवाटा पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली. कौलं उतरवली गेली. कुजलेले वासे काढले. दुसऱ्या हप्त्यातून नवं लाकूड येणार होतं.

भिंती उघड्या उभ्या होत्या तेव्हाची ही गोष्ट.

उरलेल्या टोपल्या परत करायला ते पाचूबंदरला निघाले, मीही फोटोसाठी गेले. लिलाव संपला होता. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. ती मासळीविक्रेती सावलीत बसून टोपलीतून सुके बोंबील निवडत होती. टोपल्या ठेवून त्यांनी सहज विचारलं, ओल्याचा सुका किती उतरतो?

"पाच-सहा किलोचा एक. पान्याचाच मासा तो."

"पाच की सहा?"

"तुमी या येक दिवस तोलायला." ती निवडत राहिली. "पन तुमाला नाय जमायचं, साहेब. तुमी चुना पान्यासकट तोलला नि कागदावर कोरडा लिवला. आमी तवाच हसलो."

"कोण हसलं?"

"सगल्या. मी, माजी जाव, ती शेजारीन. ओला बोंबील सुक्याच्या भावात कुनी घेतो काय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी निरीक्षक. शिंपल्याच्या येलेला काय म्हनालात मला? तोलायचं शिकवू नका."

त्यांनी खिशातून वही काढली. मला किती वाजले विचारलं. मी सांगितलं, अकरा वाजून बारा मिनिटं. त्यांनी ते लिहिलं आणि वही मिटली. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, हे मला नंतर लक्षात आलं.

अटींच्या कागदावर, खाली साहित्याचे दर होते तिथे, 'कळीचा चुना, कोरडा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद पाच महिने त्यांच्या डोक्याजवळ टांगलेला होता. नोकरीत त्यांनी माल समोर येईल तसा तोलला होता. तो ओला की सुका हे बघणारं खातं वेगळं होतं. त्यांना तराजू माहीत होता. चुना माहीत नव्हता. बंदरावरच्या बायकांना चुनाही माहीत होता आणि पाणीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सचिवांना आणि समितीला वाचनालयाच्या ओट्यावर बोलावलं. भट्टीतून राहिलेला, डब्यात बंद ठेवलेला एक किलो कोरडा चुना तोलला, सगळ्यांसमोर पाण्यात सोडला, बसू दिला आणि चार दिवसांनी पुन्हा सगळ्यांना बोलावून तोलला. अडीच किलो भरला. असं त्यांनी तीन भांड्यांत केलं होतं. तिन्ही सारखे भरले.

"म्हणजे आपण जेवढा चुना दाखवला," ते म्हणाले, "त्याच्या अडीच भागांतला एकच भाग खरा आहे. बाकी पाणी."

सचिव बँकेत नोकरीला होते, चाळिशीचे, गावातल्याच घरचे. दाखला त्यांच्या फाइलमध्ये होता.

"काका, अभियंत्याची सही झालीय."

"त्याने माझ्या आकड्यावर सही केली."

"मग झालं तर. चुना पुरेसा आहे ना भिंतीला? पुरतोय. मग अडचण काय?"

"भिंतीला पुरतो. वाट्याला पुरत नाही."

"छप्पर काढलंय, काका. हप्ता थांबला तर लाकूड येत नाही. लाकूड आलं नाही तर पावसाळ्यात या भिंती बसतात. भिंती बसल्या की इमारत यादीतूनही जाते. आणि मग ठेकेदाराचं सिमेंट आहेच." त्यांनी वर हात दाखवला. "एवढं सगळं एका वजनासाठी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आयुष्यभर दुकानदार पकडले, आता गाव पकडायचं राहिलंय."

लोक हसले. तेही हसतील असं मला वाटलं. ते त्या माणसाकडे वळले.

"त्यातला एक दुकानदार तुझे मामा," ते म्हणाले. "दंड भरताना त्यांनी मला विचारलं होतं, पन्नास ग्रॅमसाठी एवढं? तेव्हा मी त्यांना जे सांगितलं ते आता तुला सांगत नाही. तू त्यांनाच विचार."

त्या रात्रीच्या गाडीत मी विचार करत होते की बातमी काय आहे. चूक झाली ही बातमी होती. ती कोणाच्या लक्षात आली नसती, हीही. चूक करणारा स्वतःच ती घेऊन न्यासाकडे निघाला आहे, हे मात्र तीन ओळींत बसेना.

पत्र त्यांनी स्वतःच्या सहीने पाठवलं. समितीने सही करायला नकार दिला होता. न्यासाचं उत्तर आठ दिवसांत आलं. कळवल्याबद्दल आभार मानले होते. दुसरा हप्ता थांबवला होता. तूट श्रमाच्या दिवसांत भरून काढता येईल, मुदत मात्र तीच राहील, असं होतं. हिशोब करून न्यासाने तूट दिली होती: चौऱ्याऐंशी दिवस. मुदत संपायला एकोणीस दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता ते एकटे आले. सत्तरी ओलांडलेली होती. न्यासाने नेमलेले गवंडी आणि त्यांचा मदतनीस गिलावा करत होते. यांनी चुन्याचा माल खड्ड्यापासून भिंतीपर्यंत वाहायला घेतला. दुपारी मी गेले तेव्हा ते बसलेले होते. गवंड्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा चार घमेली आणतात नि बसतात. परत चार आणतात नि बसतात. नको म्हटलं तर ऐकत नाहीत."

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: एक इसम, अर्धा दिवस.

"तुम्ही आठ तास इथे होतात," मी म्हणाले.

"मदतनीसाने चौसष्ट घमेली उचलली. मी बत्तीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकतीस उचलली. एक आणखी आणली आणि मग घरी गेले.

तिसऱ्या दिवशी पाचूबंदरची ती मासळीविक्रेती आली, जावेला घेऊन. लिलाव आटोपून, अंगाला मासळीचा वास घेऊन, ती सरळ खड्ड्यापाशी गेली.

"तोंड माजं, म्हनून आले," ती म्हणाली. "नायतर मला काय पडलंय तुमच्या वाचनालयाचं. मला वाचता येत नाय."

"आठ तास भरायला हवेत," ते म्हणाले.

"भरते. तुमी मोजा. पन पान्यासकट मोजू नका."

जाव एवढी हसली की तिने घमेलं खाली ठेवलं. ते हसले नाहीत, पण मी बघितलं, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

मग चांदीपचा शेतकरी आपल्या भाऊबंदांना घेऊन चार दिवस येऊन गेला. गावात भांडण झालंय हे त्याला माहीतच नव्हतं. ओल्या चुन्याच्या भानगडीत आपल्या तुसाची चूक तर नाही ना, एवढंच त्याने विचारलं. त्यांच्या पत्नी आल्या आणि ओट्यावर बसून आठ तास कौलं धुतली. रविवारी सचिव आले. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. दुपारी जेवायला बसले तेव्हा ते मला म्हणाले, "बँकेत माझ्या सहीने रोज कर्जं मंजूर होतात. काल एकाचा कागद परत पाठवला. पहिल्यांदा." मग भाकरी मोडली. "काकांना सांगू नका."

गाव सगळं आलं असं लिहिता आलं असतं. आलं नाही. अडतीस घरांतून शेवटपर्यंत कोणी आलं नाही. हा आकडा त्यांचाच आहे. ठेकेदार एकदा येऊन, भिंतीवर थाप मारून, गेला. ते उठून तिथे गेले आणि थाप मारली होती ती जागा हाताने चाचपून आले.

मुदतीच्या दिवशी न्यासाचा अधिकारी दुपारी पाऊणच्या सुमारास आला. तिशीचा वास्तुविशारद होता, नम्र. चिंचेखाली बसून त्याने वही एकेक ओळ तपासली. आवारात त्या दिवशी कामाला असलेली सगळी माणसं जेवण उरकून हात धूत होती.

"त्र्याऐंशी दिवस आणि अर्धा," तो म्हणाला. "आज जे आहेत ते धरून?"

"धरून."

"अर्धा दिवस कमी पडतोय."

"हो."

त्याने पानं उलटली. "ही 'एक इसम, अर्धा दिवस' नोंद अकरा वेळा आहे. हे तुम्हीच ना?"

"हो."

"पण तुम्ही तर दिवसभर इथे असता. हे अकरा पूर्ण दिवस धरले, तर वाटा पूर्ण होऊन पाच दिवस जास्त होतात. नियमात माणसाने किती घमेली उचलायची असं लिहिलेलं नाही, काका. आठ तास लिहिलेलं आहे. मला हे पूर्ण धरता येतात."

हे खरं होतं. मी अटींचा कागद झाडाखाली जाऊन वाचला. घमेल्यांचा उल्लेख नव्हता. सचिवांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचाही चेहरा उजळला होता.

"आठ तासांतले चार मी बसून होतो," ते म्हणाले.

"विश्रांती सगळेच घेतात."

"सगळ्यांनी घेतली ती मी त्यांना धरली. माझीही तेवढी मला धरली. त्यावर जी घेतली ती चार तास." त्यांनी नोंदीवर बोट ठेवलं. "एकदा पाणी धरलं. आता परत नाही."

वास्तुविशारदाने पेन खाली ठेवलं. त्याला इमारत हवी होती, हे दिसत होतं. तो म्हणाला, "मी स्वतः करतो चार तास."

"तुम्ही न्यासाचे. शिवाय मुंबईत राहता."

"मी कोणाला तरी फोन करतो," सचिव म्हणाले आणि फोन काढून बाजूला गेले. पहिल्या दोघांनी उचलला नाही. तिसरा माणूस बोरिवलीला होता. आवारातल्या कोणाचाही उपयोग नव्हता. त्या सगळ्यांचा त्या दिवसाचा पूर्ण दिवस आधीच धरलेला होता. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. कामाची वेळ सव्वापाचपर्यंत.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमचं नाव मतदार यादीत कुठे?"

"विरार."

"महापालिका एकच आहे," ते म्हणाले.

मी वही पर्समध्ये ठेवली, पर्स खुर्चीवर. मासळीविक्रेतीने मला आपला रुमाल दिला आणि तो डोक्यावर कसा गुंडाळायचा ते दाखवलं. "ताई, पोटाशी धरा, हातांवर नाय," ती म्हणाली. घमेलं मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. खड्ड्यापासून भिंतीपर्यंत एकोणतीस पावलं होती. पहिल्या फेरीत मी मोजली आणि मग मोजायचं सोडून दिलं. ते खुर्चीत ताठ बसून माझी घमेली मोजत होते. सातवं घमेलं त्यांनी परत पाठवलं. काठापर्यंत भरलेलं नव्हतं. त्यांच्याबद्दल चार वर्षं ऐकलं होतं, बघितलं होतं, लिहिलंही होतं. त्यांच्या समोरून अर्धं घमेलं घेऊन जाणं म्हणजे काय, हे मला त्या सातव्या फेरीत कळलं. सचिव भिंतीशी उभे होते, त्यांनी मला पाणी दिलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला. मी अजून एक आणू का विचारलं.

"नको. बत्तीस झाली. जास्त कशाला?"

त्यांनी माझं नाव विचारलं. पूर्ण नाव. चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. नोंद केली, वही वास्तुविशारदापुढे सरकवली, आणि त्याने सही केली.

बातमी मी दिली नाही. संपादकांना फोन करून सांगितलं की मी या कामाच्या लोकवाट्यात आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा. ते म्हणाले, अर्धा दिवस चुना वाहिला म्हणून कोण वाट्यात धरतं? मी म्हटलं, धरलंय, नोंद आहे. जो दुसरा गेला त्याने लिहिलं की ग्रामस्थ मोठ्या संख्येने सहभागी झाले होते. फोन त्याला आला असणार.

छप्पर पावसाळ्याआधी चढलं. पश्चिमेची भिंत सरळ आहे. पुस्तकं परत आली. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. शेवटपर्यंत रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येत, पत्नी सांगतात. तिथली नेहमीची खुर्ची सोडून भिंतीलगतच्या बाकावर बसत.

आपल्याकडे अशा इमारतींना संगमरवरी फलक असतो आणि त्यावर देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने असतात. इथे सागाची फळी आहे. मजकूर त्यांनी ठरवला, समितीने एक शब्द बदलला नाही. पाचूबंदरच्या बायकांची नावं आहेत, एकेकीची, पुढे दिवस. चांदीपची माणसं आहेत. सचिव आहेत: तीन दिवस. माझं नाव आहे: अर्धा दिवस. एक ओळ आहे, 'एक इसम, अकरा अर्धे दिवस'. तिथे नाव नाही.

सगळ्यात खाली, थोडी जागा सोडून, आणखी एक ओळ कोरलेली आहे: 'चुना ओला तोलला गेला. चूक तोलणाऱ्याची.' त्यापुढे त्यांचं नाव आहे, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, इतरांच्याच आकाराच्या अक्षरांत. त्या इमारतीत त्यांचं नाव आणखी कुठेही नाही.